भट्टीवरचा आळ

"याचा ताप कधी अंगावर काढू नकोस," मावशी म्हणाली होती. "ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू, असं म्हणायचंच नाही."

माझा मुलगा तेव्हा जेमतेम अकरा दिवसांचा होता. मावशीनं हे फोनवर सांगितलं, कारण आमच्या घरी तिचं येणं-जाणं बंद होऊन आठ वर्षं झाली होती. मी "हो हो" म्हटलं, फोन ठेवला आणि आईकडे बघून तोंड वाकडं केलं. आई म्हणाली, "तिचं काय मनावर घेतेस! तिला सगळीकडे तापच दिसतो." मी वहीत सगळं टिपून ठेवणारी बाई. दुधाच्या वेळा, लशींच्या तारखा, कुठल्या कुशीवर किती वेळ झोपला, सगळं. मावशीचं वाक्य तेवढं वहीत गेलं नाही.

चार वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, चंबूला ताप आला. (चंबू हे नाव मामानं ठेवलेलं. जन्मला तेव्हा पोट गोल आणि मान बारीक, अगदी आमच्या कारखान्यातल्या चंबूसारखा.) साथ होती, सगळ्यांच्या मुलांना आला तसाच ताप. शेजारच्या जुळ्या मुली तिसऱ्या दिवशी जिन्यावर उड्या मारत होत्या आणि आमचा चंबू तिसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत नळ्या लावून पडला होता. त्या नऊ दिवसांबद्दल मला लिहवणार नाही. तो वाचला. आम्ही त्याला घरी आणायला निघालो, तेव्हा कागदावर सही घेता घेता तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणी तापानं गेलंय का?"

आई आणि मी एका सुरात म्हणालो, "छे, तापानं नाही. आमच्याकडचे पुरुष भट्टीनं जातात."

आणि म्हणताना, देवाशपथ, आमच्या आवाजात थोडा ताठाच होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा जरा," म्हणाल्या.

आमचा कारखाना प्रयोगशाळेची काच करतो. परीक्षानळ्या, चंबू, एकात एक तीन वेटोळी घातलेल्या थंड करायच्या नळ्या. चार पिढ्या झाल्या. गॅसच्या निळ्या ज्योतीसमोर बसायचं, काच फिरवत फिरवत मऊ करायची, नळीतून फुंकायची, आणि झालेली वस्तू सावकाश निवायला मागच्या भट्टीत ठेवायची. आजीचे दोन्ही भाऊ ऐन विशीत खोकून गेले. मग आजीचा थोरला मुलगा, माझा थोरला मामा, चोविसाव्या वर्षी चार दिवसांत गेला. गरम हवा छातीत बसली, असं सगळे म्हणाले. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी नियम केला. या घरात जन्मलेल्या पुरुषानं ज्योतीसमोर बसायचं नाही. धाकट्या मामाच्या हातातली फुंकणी त्यांनी काढून घेतली आणि माझ्या आईच्या हातात दिली. मामा एकोणीस वर्षांचा होता, आई चौदाची.

आता यातली गंमत बघा. आजोबा स्वतः घरजावई. ते त्याच भट्टीपुढे पन्नास वर्षं बसले आणि ऐंशी पार करून गेले. घरात कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं, "भट्टी घरच्या पुरुषाला धरते, जावयाला सोडते." आणि बायकांना? "बायकांच्या वाटेला जात नाही ती." सगळा पुरावा रोज दोन वेळा समोर बसून जेवत होता आणि आम्ही त्याला वाढत होतो. मीही त्यातलीच. जीवशास्त्र घेऊन पदवी काढलेली.

चंबूच्या रक्ताचा अहवाल आल्यावर एका रविवारी डॉक्टरीणबाई कारखान्यात आल्या. पेंढा पसरलेल्या लांब टेबलावर, ज्यावर मामा गेली त्रेचाळीस वर्षं इतरांनी केलेली काच बांधत आलाय, तिथे त्यांनी खोक्यांचा तपकिरी कागद पालथा घातला आणि चौकोन, वर्तुळं काढायला सुरुवात केली. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. कार्यालयाच्या भिंतीवर आमची वंशावळ आहे, पण तिच्यात वर्तुळं नाहीत. मुली लग्न होऊन गेल्या की तिच्यात राहतच नाहीत.

"विषाणू शरीरात शिरला की बोंब ठोकणारा एक पहारेकरी असतो," त्या मामाला म्हणाल्या. "तुमच्या नातवाचा पहारेकरी मुका असावा, असा आम्हाला संशय आहे. तो बनवायच्या सूचनेत एक अक्षर बदललेलं सापडलंय. बायकांकडे त्या सूचनेच्या दोन प्रती असतात. एक मुकी असली, तर दुसरी बहुतेक वेळा ओरडते. पुरुषाकडे एकच. ती आईकडून येते."

"असावा, संशय," मामा म्हणाला. "म्हणजे नक्की नाही."

"नाही ना, काका. तीच तर अडचण आहे. जगभरातल्या अशा बदलांची मोठी यादी आहे. कुठला बदल निरुपद्रवी, कुठला घातक. पण ती ज्यांच्या रक्तावरून झाली, ती बहुतेक माणसं चार ठरावीक ठिकाणची. आपल्यासारख्यांचं रक्त तिच्यात चिमूटभर. हा बदल यादीत कुणी पाहिलेलाच नाही. त्यामुळे अहवालात आलं, 'अर्थ अनिश्चित.' "

"मग आम्हाला काय त्याचं? पोरगा बरा झालाय."

"पुढचा ताप कधी येईल सांगता येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "अर्थ निश्चित झाला, तर याच्यासाठी कार्ड करता येईल. ते दाखवलं की कुठल्याही दवाखान्यात पहिल्याच तासाला औषध सुरू. 'अनिश्चित' लिहिलेल्या कागदावर कुणी ते औषध देणार नाही. तीन दिवस बघू म्हणतील. याच्याकडे तीन दिवस नसतात."

मी हे आधी ऐकलेलं होतं, तरी पुन्हा ऐकताना टेबलाची कड घट्ट धरली.

त्यांना हवं होतं घरातल्यांचं रक्त. विशेषतः मामाचं. कारण हीच साथ पूर्वी मोठ्या प्रमाणात आली, त्या वर्षी मामालाही तो ताप येऊन गेला होता, आणि चौथ्या दिवशी तो पेंढ्यात उभा राहून सगळ्यांवर ओरडत होता. मामात हा बदल सापडला, तर बदल निर्दोष. नाही सापडला, तर संशय पक्का होत जाणार.

"मी नाही देणार," मामा म्हणाला.

"भाऊ, अरे, थेंबभर रक्त," आई म्हणाली.

"थेंबाचा प्रश्न नाही. माझा भाऊ कामावर गेला. दोन्ही मामा कामावर गेले. काच फुंकता फुंकता गेले! तुम्ही आता लिहिणार, की नाही हो, यांचं रक्तच नासकं होतं. उद्या हिच्या पोराला मुलगी कोण देईल?"

"मामा, तो चार वर्षांचा आहे," मी म्हटलं. "आधी पाचवं लागू दे."

मामाच्या मनात खरं काय चाललं होतं, ते त्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्याला घराण्याच्या नावाची तेवढी पर्वा नव्हती. तो हिशेब करत होता. एकोणिसाव्या वर्षी त्याला एका दमात सगळ्यांत मोठा चंबू फुगवता यायचा, भिंतीची जाडी कुठेही केसभर कमी-जास्त नाही. फुंकणी काढून घेतली, त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. या त्रेचाळीस वर्षांत रोज त्यानं स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, की मी जगावं म्हणून हे झालं. भट्टी निर्दोष ठरली तर तो पेंढ्यात कशासाठी बसला होता? हे त्याला त्या रविवारी कुणासमोर बोलता येईना, म्हणून तो नासक्या रक्तावर घसरला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "अजून तसंच बोलतोस रे, भाऊ."

मावशी. तिला मी बोलावलं होतं, कुणाला न सांगता.

ती बारा वर्षांनी उंबऱ्याशी उभी होती. नंतर मला म्हणाली, आत यायला पाय उचलेना, पण ज्योतीची ती फुस्स अशी सुरसूर कानावर आली आणि पाय आपोआप पडला. तिनं आधी भट्टीकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि सगळ्यात शेवटी भावाकडे.

भांडण काय होतं ते दोन ओळींत सांगते. मावशीचा एकुलता एक मुलगा बाविसाव्या वर्षी ताप येऊन गेला. तो जमीन मोजायच्या खात्यात होता, कारखान्यापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. काचेला त्यानं पाणी प्यायच्या पेल्यापलीकडे कधी हात लावला नाही. मावशी तेव्हा म्हणाली, "हे भट्टीचं नाही. हे आपलं आहे, मी माहेराहून नेलं." मामा म्हणाला, "लहानपणी सुट्टीत यायचा ना, तेव्हा धूर गेला असेल." आणि आई, माझी आई, मामाच्या बाजूनं उभी राहिली.

"ये, ताई," आई आता म्हणाली. "वजन कमी झालंय तुझं."

"तुझं वाढलंय. बरोबर झालं, वजन घरातच राहिलं." मावशी टेबलाशी आली, डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला. "माझं रक्त घ्या. आणि फोनवर ही म्हणाली, की गेलेल्या माणसाचं काही असेल तर उपयोग होतो. खरं का?"

"काही म्हणजे... असं सहसा कुणाकडे नसतं."

मावशीनं पर्स उघडली. रुमालाची घडी, तिच्या आत कापूस, कापसात बोटभर लांबीची काचेची नळी, दोन्ही बाजूंनी बंद. आत एक दुधाचा दात.

आईचा हात तोंडावर गेला. नळी तिनंच केलेली होती. भाच्याचा पहिला दात पडला तेव्हा तो रडत होता, म्हणून तिनं ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद केलं आणि म्हणाली होती, बघ, आता हा हजार वर्षं टिकेल.

"दातातून कळू शकतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "हवा-पाणी न लागता राहिलाय. खूप शक्यता आहे. पण... नळी फोडावी लागेल."

"फोडायची नाही," आई म्हणाली. "आत काचेचा चुरा जाईल. कापायची." मग मावशीकडे न बघता, "ताई, कापू?"

मावशीनं नळी पुन्हा एकदा मुठीत धरली. त्या नळीशी ती रोज बोलायची, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. बारा वर्षांत आम्ही विचारलंच नव्हतं काही.

"तूच काप," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

आई ज्योतीसमोर बसली. तिनं कानशीनं नळीवर एक बारीक ओरखडा काढला. आता काचेची कांडी तापवून तिचं लाल टोक ओरखड्याच्या एका अंगाला टेकवायचं, की चीर आपोआप गोल फिरते आणि नळी दुभंगते. पण त्यासाठी नळी दोन हातांनी जराही न हलवता धरावी लागते. आईचे हात थरथरत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात थरथरताना पाहिले.

"मी धरते," मी म्हटलं.

"तुझा श्वासच थाऱ्यावर नाही, तू काय धरणार!" तिनं मान न वळवता हाक मारली, "भाऊ. ये इकडे. धर."

मामा हलला नाही. "मी ज्योतीसमोर बसत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. ये."

"बाबांनी..."

"बाबांनी मला चौदाव्या वर्षी इथे बसवलं, मी एकदा तरी का म्हणून विचारलं? आज तू विचारू नकोस. हा तुझा भाचा आहे. त्याला धर."

मामा उठला. पेंढा झटकत, सावकाश, स्टुलावर येऊन बसला. त्याचा चेहरा ज्योतीनं निळसर दिसायला लागला. त्यानं नळी दोन्ही हातांनी धरली आणि आम्ही तिघीही बघत राहिलो. बासष्ट वर्षांचे हात, पेंढ्यानं खरवडलेले, पण दगडासारखे स्थिर. आईनं लाल टोक टेकवलं. टिक्. एवढाच आवाज. चीर नळीभोवती फिरून आली.

"ओरखडा जरा खोल घेतलास," मामा म्हणाला.

"झालं! आला बसल्या बसल्या चुका काढायला," आई म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मावशीनं दात स्वतःच्या हातानं डॉक्टरीणबाईंच्या डबीत ठेवला. मामा स्टुलावरून उठला नाही. ज्योतीकडे बघत त्यानं डाव्या हाताची बाही वर गुंडाळली. "घ्या," म्हणाला. "इथेच बसून घ्या."

उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी चंबूच्या कपाळाला किती वेळा हात लावला ते वहीत आहे, पण इथे सांगत नाही, तुम्ही हसाल. मावशी मात्र दर दोन दिवसांनी यायला लागली. ती आणि आई भट्टीशी बसून एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. एकदा मी दोघींना म्हटलं, "मी दिलं ना हे त्याला." आई काही बोलणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "दिलंस. डोळेही तूच दिलेस, हट्टीपणाही तूच दिलास. पाकीट उघडून निवडून देता येत नाही काही. मी बारा वर्षं हेच घोकलं. तू बारा मिनिटांत सोडून दे."

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. मावशीत बदल होता. आईत होता, माझ्यात होता, चंबूत होता. दातात होता.

मामात नव्हता.

"शिवाय प्रयोगशाळेत तो बदल पेशींमध्ये घालून पाहिला," त्या म्हणाल्या. "पहारेकरी गप्प राहतो. आता शंका नाही."

"थांबा," मामा म्हणाला. "म्हणजे मला भट्टीनं..."

"काका, तुम्हाला भट्टीनं काहीच केलं नसतं. तुमच्या भावालाही तिनं काही केलं नव्हतं."

मला भीती वाटली, की हा माणूस आता कोसळणार. आईलाही तीच वाटली असावी, कारण ती चटकन म्हणाली, "आणि मी? मी इथे बसले ती चुकीच्या कारणानं. तुझी जागा घेऊन. आज सगळ्या मोठ्या प्रयोगशाळा माझ्या हातच्या नळ्या मागतात. चुकून मिळालेलं काम, भाऊ. पण हात काही चुकून आले नाहीत."

मामानं तिच्याकडे पाहिलं. "हात माझ्यापेक्षा चांगले आहेत तुझे," तो म्हणाला. "तेव्हाही होते. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "आता त्या तुमच्या यादीचं काय?"

"आता या बदलासमोर 'घातक' असं नोंदलं जाईल. आपल्या भागातून त्या रकान्यात पहिलीच नोंद. उद्या जगात कुठल्याही मुलात हा बदल सापडला, तर त्याच्या आईला 'अनिश्चित' असा कागद मिळणार नाही. पुरावा म्हणून तुमचं कुटुंब असेल. सहा माणसं."

"नाव लिहिणार ना आमचं?"

"नाही, काका. नाव कधीच लिहीत नाहीत."

"असं कसं! लिहा की! माझी हरकत नाही." पाच आठवड्यांपूर्वी नासक्या रक्तावरून पेटलेला हाच तो मामा. "बरं, नाव नको. काचकाम करणारं घराणं, चार पिढ्यांचं, एवढं तरी? आणि बायका फुंकतात, तेही."

"विचारून बघते," त्या हसू दाबत म्हणाल्या.

चंबूचं कार्ड पिवळं आहे. मी त्याच्या तीन प्रती काढल्यात, मामानं सात. कारखान्याच्या गाडीतसुद्धा एक आहे. आणि सकाळी नऊ वाजता, आईच्या शेजारच्या स्टुलावर, मामा बसतो. पहिला चंबू वाकडा झाला. दुसरा फुटला. तिसरा आईनं उजेडात धरून फिरवून पाहिला आणि काही न बोलता भट्टीत निवायला ठेवला. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही. मामा दिवसभर शिट्टी वाजवत होता.

तपकिरी कागद आता कार्यालयात, जुन्या वंशावळीच्या शेजारी लावलाय. परवा मावशी त्याच्यापुढे उभी होती, चष्मा वर करून. एकदम म्हणाली, "अगं, हिचं काय झालं?"

"कुणाचं?"

"माझ्या आजीला तुझी आजी ही एकटीच मुलगी नव्हती. धाकटी होती एक. लग्नाआधी तीही फुंकायची. लांब दिली होती. दोन मुली झाल्याचं पत्र आलं, मग आजी गेली, मग कुणी लिहिलंच नाही."

मामानं पेन्सिल घेतली आणि एक वर्तुळ काढलं. त्याच्याखाली आणखी दोन. त्या दोघींना नातवंडं असतील आता. त्यांच्यात मुलगेही असतील. आम्ही जुनी पत्रं शोधली, पत्ता नाही. लग्नानंतर तिचं नाव काय ठेवलं, तेही आमच्यात कुणाला आठवत नाही. आम्ही तिला पुसूनच टाकलं होतं.

म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, जिथल्या बायका म्हाताऱ्या होतात आणि मुलगे ऐन उमेदीत खोकून जातात. त्यांच्याकडे त्याचं काहीतरी कारण असेल, आमच्याकडे होतं तसं. पाणी म्हणतील, हवा म्हणतील, कामाचा त्रास म्हणतील. अभिमानानं सांगतील. वाद घालू नका. फक्त आज, वाट वाकडी करून, त्यांच्याकडे जा. धाकटा मुलगा कसा आहे, एवढं विचारून या.